जर्मन नामांचे लिंग: 'डेर, डी, डास' पाठ करायचे की कानात मुरवायचे?

तिसरीपाळी:

गेले दीड वर्ष मी पुण्यात जर्मन शिकतो आहे. ए२ पातळीची परीक्षा पार पडली असून सध्या त्यापुढच्या बी१ पातळीची तयारी चालू आहे. चाकणच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी असल्यामुळे अभ्यास बहुतेक वेळा रात्री किंवा कंपनीच्या बसमध्ये होतो. कालरूपे, विलग होणारे उपसर्ग, गौणवाक्यात शेवटी जाणारे क्रियापद हे सारे कष्टाने का होईना, अंगवळणी पडले आहे. (क्रियापद शेवटी जाण्याचे तर मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारणच नाही.) घोडे अडले आहे ते नामाच्या आधी येणाऱ्या उपपदापाशी: पुल्लिंगी नामाला 'डेर', स्त्रीलिंगी नामाला 'डी' आणि नपुंसकलिंगी नामाला 'डास'.

ताटाशेजारी ठेवलेल्या तीन वस्तू पाहा. चमचा म्हणजे डेर ल्योफेल, काटा म्हणजे डी गाबेल आणि सुरी म्हणजे डास मेसर. एकाच पोलादाच्या, एकाच खोक्यातून आलेल्या या वस्तूंची तीन लिंगे कोणत्या हिशेबाने झाली, हे मला कोणीही सांगू शकलेले नाही. माझ्या वहीत सुमारे आठशे नामे उपपदासह लिहिलेली आहेत आणि वही मिटून विचारले, तर त्यांपैकी बरीचशी बरोबर सांगता येतात. मात्र बोलायला तोंड उघडले की ती आठशे उपपदे कुठे जातात ते कळत नाही आणि सगळ्याच नामांना सरसकट 'डी' लागते. मराठीतला डास निदान कानाशी गुणगुणून चाहूल तरी देतो. हा जर्मन डास चुकून गेल्यावरच कळतो.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाल्यापासून आमच्या वर्गात माझ्यासारखे कारखान्यातले, रुग्णालयातले बरेच जण आले आहेत आणि सर्वांची तक्रार हीच आहे. यात काही तर्क आहे, की केवळ घोकंपट्टी? ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे, त्यांनी तो कसा ओलांडला हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

फळाखडू:

मी बरीच वर्षे जर्मन शिकवते आहे आणि आपला प्रश्न दर वर्षी नव्या तोंडून ऐकते. माझे मत स्पष्ट सांगते: दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही. आपण जर्मन भाषा इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो आहोत, तिथे गडबड आहे.

संस्कृतातील तीन लिंगे हिंदीपर्यंत येताना दोन झाली. मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी मात्र नपुंसकलिंग सांभाळले. इंग्रजीने निर्जीव वस्तूंच्या बाबतीत लिंगभेदच टाकून दिला. म्हणजे जर्मन शिकणारा मराठी भाषक तीन लिंगांचे घर सोडून तीन लिंगांच्या घरात जातो आहे. मात्र वाटेत त्याला विनालिंगाच्या धर्मशाळेत मुक्काम करायला लावला जातो, कारण त्याचे पाठ्यपुस्तक, त्याचा शब्दकोश आणि बहुधा त्याचा शिक्षकही इंग्रजीतून बोलत असतो.

याचा पुरावा वर्गात रोज मिळतो. 'किल्ली कुठे आहे?' या प्रश्नाला मराठीत आपण 'ती टेबलावर आहे' असे उत्तर देतो. जर्मन भाषकही तेच करतो. किल्ली म्हणजे डेर श्ल्यूसेल, म्हणून तो 'एर' म्हणजे 'तो टेबलावर आहे' असे म्हणतो. माझे विद्यार्थी मात्र 'एस' म्हणजे 'ते' वापरतात, कारण मनात इंग्रजी वाक्य उभे असते आणि त्यात सगळ्या निर्जीव वस्तू एकाच सर्वनामाने उरकलेल्या असतात. ज्या माणसाने जन्मात कधी किल्लीला 'ते' म्हटलेले नाही, त्याने ते जर्मनमध्ये म्हणावे, यासारखी गंमत नाही.

दुसरे उदाहरण देते. 'त्याची आई' आणि 'तिचा भाऊ' या शब्दजोड्या नीट पाहा. 'त्या' आणि 'ति' या अंशांवरून मालकाचे लिंग कळते, तर 'ची' आणि 'चा' यांवरून मालकीच्या माणसाचे. जर्मनमध्ये 'झायने मुटर' आणि 'ईअर ब्रूडर' यांत हीच दुहेरी व्यवस्था आहे: 'झायन' हा पुरुष मालक, 'ईअर' ही स्त्री मालक आणि शेवटचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे. हिंदीच्या 'उसका, उसकी' मध्ये मालकाचे लिंग दिसत नाही, इंग्रजीत मालकीच्या वस्तूचे दिसत नाही. मराठीत दोन्ही दिसतात. तरीही आम्ही हा धडा इंग्रजीतून समजावतो आणि मग विद्यार्थ्याला तो कठीण का जातो याची चर्चा करतो.

आणखी एक योगायोग सांगून थांबते. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे 'ती' एकटी आणि 'झी' म्हणजे 'ते सगळे'. 'डी' हे उपपदही स्त्रीलिंगी एकवचनाला आणि सर्व अनेकवचनांना लागते. नवशिके यावर फार कुरकुरतात. आपण 'ती मुलगी' आणि 'ती घरे' असे एका श्वासात म्हणतो, त्याची मात्र आठवण कोणाला होत नाही.

शंकासूर:

फळाखडू यांचे विवेचन वाचायला गोड आहे. परंतु माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझा घात मराठीनेच केला. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, म्हणून मी दोन वर्षे 'डेर झोने' म्हणत राहिलो. जर्मनांचा सूर्य स्त्री आहे, डी झोने. दार नपुंसकलिंगी म्हणून 'डास ट्यूर' म्हटले, ती निघाली डी ट्यूर. खिडकी स्त्रीलिंगी म्हणून 'डी' लावले, तर निघाले डास फेन्स्टर. टेबल हे 'ते' आणि खुर्ची ही 'ती', पण डेर टिश आणि डेर श्टूल हे दोघेही पुरुष. घर आणि पुस्तक तेवढे जुळले: डास हाउस, डास बूख. ज्याच्या भाषेत लिंगच नाही, त्याची पाटी कोरी तरी असते. आमच्या पाटीवर आधीच चुकीची उत्तरे लिहिलेली असतात आणि ती पुसून नवी लिहावी लागतात. तेव्हा मातृभाषेचे कौतुक बाजूला ठेवून कोणी ठोस नियम सांगतील का?

फळाखडू:

शंकासूर यांचा आक्षेप योग्य आहे, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अमुक नामाचे लिंग कोणते, ही एक गोष्ट. ती मराठीवरून ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. लिंग एकदा ठरल्यावर विशेषण, सर्वनाम आणि विभक्तिरूप आपोआप त्याच्या मागे जाणे, ही दुसरी गोष्ट. ती सवय आपल्याकडे लहानपणापासून आहे. 'चांगला रस्ता, चांगली गल्ली, चांगले मैदान' म्हणताना आपण क्षणभरही थांबत नाही. माझे म्हणणे या दुसऱ्या सवयीपुरतेच आहे. शिवाय जर्मनने आपल्याला सूटही दिली आहे: तिथे क्रियापदाला लिंग नाही आणि 'घर मोठे आहे' यासारख्या वाक्यात विशेषणही बदलत नाही. 'आला, आली, आले' सांभाळणाऱ्याला हा भार हलकाच वाटायला हवा.

धातुसाधित:

नियम मागितले आहेत, तर मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. सर्वांत भरवशाचा आधार शब्दाच्या शेवटाचा आहे, अर्थाचा नाही. मराठीत हे आपण नकळत पाळतो. गोडवा तो, गोडी ती. मोठेपणा तो, मोठेपण ते, थोरवी ती. अर्थ जवळजवळ तोच, लिंगे तीन, कारण लिंग प्रत्ययाने ठरवलेले आहे. '-पणा' आला की पुल्लिंग, '-पण' किंवा '-त्व' आला की नपुंसकलिंग, '-ता' आला की स्त्रीलिंग. मानवता हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या मुलालाही कोणी 'ती' शिकवत नाही.

जर्मनमध्ये '-उंग', '-हाइट', '-काइट', '-शाफ्ट', '-टेट' आणि '-त्सिओन' हे प्रत्यय असलेली नामे स्त्रीलिंगी असतात: डी त्सायटुंग (वर्तमानपत्र), डी रेख्नुंग (बिल), डी फ्रायहाइट (स्वातंत्र्य), डी म्योग्लिखकाइट (शक्यता), डी मानशाफ्ट (संघ), डी उनिव्हेर्झिटेट. कार्यालयीन पत्रे, करारपत्रे आणि परीक्षेचे उतारे अशा शब्दांनी खच्चून भरलेले असतात, त्यामुळे एवढ्या एका नियमाने बी१च्या उताऱ्यातील पुष्कळ नामे सुटतात. एक सावधगिरी मात्र हवी: '-उंग' हा प्रत्यय असला पाहिजे, नुसता शेवट नव्हे. डेर श्प्रुंग म्हणजे उडी, आणि तिथे '-उंग' हा धातूचाच भाग आहे.

लघुत्व दाखवणारे '-शेन' आणि '-लाइन' हे प्रत्यय लागले की नाम नपुंसकलिंगी होते, मग मूळ शब्द काहीही असो. मुलगी या अर्थाचा शब्द, डास मेड्शेन, याच कारणाने नपुंसकलिंगी आहे. तो मुळात 'दासी, तरुणी' या अर्थाच्या 'माग्ट' शब्दाचे लघुरूप आहे. मुलीच्या मुलगी असण्याशी त्या लिंगाचा काही संबंध नाही.

पुल्लिंगात '-इस्मुस', '-ओर', '-इस्ट' यांच्याबरोबर '-लिंग' हा प्रत्ययही येतो: डेर फ्र्यूलिंग (वसंत), डेर श्मेटरलिंग (फुलपाखरू), डेर लेअरलिंग (उमेदवार कारागीर). शेवटी '-लिंग' म्हणजे पुल्लिंग, हे मराठी माणसाला तरी वेगळे पाठ करावे लागू नये.

'-ए'ने संपणारी नामे बहुतेक स्त्रीलिंगी असतात, जसे डी लाम्पे, डी ब्लूमे, डी श्ट्रासे. परंतु इथे अपवादांशी गाठ पडते: डेर केझे (चीज), डास आउगे (डोळा), डास एंडे (शेवट), आणि नाव या अर्थाचा शब्दच, डेर नामे. '-एर'ने संपणारी माणसे आणि अवजारे पुल्लिंगी: डेर लेअरर, डेर कोम्प्यूटर, डेर श्राउबेनत्सीअर (पेचकस). लोणी मात्र डी बुटर आणि तिसरीपाळी यांची सुरी डास मेसर, कारण तिथला '-एर' हा कर्ता दाखवणारा प्रत्यय नाहीच.

आता जिथे मराठी आणि जर्मन एकमेकींना अगदी ओळखतात, ते उदाहरण. मराठीत जनावरांची पिल्ले नपुंसकलिंगी असतात: वासरू, कोकरू, शिंगरू, पिल्लू, आणि माणसाचे लेकरू. जर्मनमध्ये त्याच ओळीने डास काल्प, डास लाम, डास फोलेन, डास क्यूकेन आणि डास किंट. अजून नर-मादी म्हणून ज्याची गणना होत नाही, त्याला तिसऱ्या लिंगात ठेवायचे, हा विचार दोन्हीकडे दिसतो. 'व्यक्ती' हा शब्दही असाच. तुकाराम असोत की जनाबाई, मराठीत ती व्यक्तीच; जर्मनमध्येही पुरुषाला उद्देशून डी पेर्झोन असेच म्हणतात. (हिंदीच्या प्रभावाने हल्ली 'तो व्यक्ती' असे लिहिले जाते, त्यांनी जर्मन शिकावी.)

समासाचा नियम तर आपला तत्पुरुषच आहे. देव तो असला तरी देवघर ते, कारण शेवटचे पद घर आहे. डास हाउस, डी ट्यूर आणि डेर श्ल्यूसेल ही तीन लिंगांची तीन नामे जोडली की घराच्या दाराची किल्ली तयार होते आणि ती डेर हाउसट्यूरश्ल्यूसेल असते. जर्मन समास कितीही लांब असो, लिंगासाठी फक्त शेपूट पाहावे.

राहिले एका अक्षरगटाचे छोटे शब्द. तिथे मात्र प्रत्यय नसल्याने आधार फार थोडा मिळतो. १९८०च्या दशकात क्लाउस-मिखाएल क्योपके आणि डेव्हिड झुबिन या भाषाशास्त्रज्ञांनी या शब्दांतही प्रवृत्ती शोधून काढल्या. उदाहरणार्थ, 'क्न'ने सुरू होणारे असे शब्द बहुतांशी पुल्लिंगी आहेत: डेर क्नोप्फ (बटण), डेर क्नाल (धमाका). लगेच गुडघा आडवा येतो, डास क्नी. संशोधन म्हणून हे फार सुंदर आहे, पण बोलताना कोणी 'क्न' तपासत बसणार नाही. चमचा, काटा आणि सुरी यांचे कारण मीही देऊ शकत नाही. ती सरळ पाठ करावीत.

नेकारकाठ:

मी श्टुटगार्टमध्ये राहतो. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे, पण त्यामुळे इथे कोणी उपपदाची चूक माफ करते असे नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला उंचावरील दिवा बदलण्यासाठी शिडी हवी होती. भांडारात जाऊन मी आत्मविश्वासाने 'इश ब्राउखे डेन लायटर' असे म्हणालो. भांडारातील गृहस्थ मान डोलावून आत गेले आणि पाच मिनिटांनी आमच्या विभागप्रमुखांना घेऊन आले. डी लायटर म्हणजे शिडी आणि डेर लायटर म्हणजे प्रमुख, हे मला त्या दिवसापासून कधी पाठ करावे लागले नाही. साहेब सभ्य होते. त्यांनी शिडी कुठे असते ते स्वतः येऊन दाखवले.

अशा जोड्या आणखीही आहेत. डेर झे म्हणजे तलाव, डी झे म्हणजे समुद्र. डास श्टॉयर म्हणजे गाडीचे चाक किंवा सुकाणू, डी श्टॉयर म्हणजे कर. यात चमत्कारिक काही नाही. तो माळ म्हणजे उजाड रान, ती माळ गळ्यात घालायची. तो पाठ शिकायचा, ती पाठ दुखते. 'माझा पाठ दुखतो' असे कोणी म्हणाले, तर आपणही क्षणभर गोंधळून पाहूच.

तिसरीपाळी यांना मात्र एक सांगावेसे वाटते, ते विभक्तीविषयी आहे. लिंग चुकले की फक्त उपपद चुकते, असे नाही. चार विभक्ती, तीन लिंगे आणि अनेकवचन मिळून सोळा घरांचा तक्ता होतो आणि त्यात रूपे फक्त सहाच असतात: डेर, डी, डास, डेन, डेम, डेस. त्यामुळे एकच रूप अनेक घरांत राहते. 'डेर' हे पुल्लिंगी प्रथमेत असते, तसेच स्त्रीलिंगी नामाच्या तिसऱ्या विभक्तीत, म्हणजे त्यांच्या 'डाटिव्ह'मध्येही असते. 'इश गेहे इन डी क्यूशे' म्हणजे मी स्वयंपाकघरात जातो, आणि 'इश बिन इन डेर क्यूशे' म्हणजे मी स्वयंपाकघरात आहे. नवशिक्याला वाटते की स्वयंपाकघराने दोन वाक्यांत लिंग बदलले, पण बदललेली असते ती विभक्ती. मराठीत दोन्हीकडे '-त' हाच प्रत्यय लागतो, त्यामुळे फळाखडू यांची क्षमा मागून म्हणतो, इथे मराठी कानाचा काडीचाही उपयोग नाही. लिंग पक्के ठाऊक असेल, तरच 'डेर'कडे पाहून विभक्ती ओळखता येते.

मला ज्याने तारले, तो उपाय साधा होता. मी सुटी नामे लिहिणे बंद केले आणि जागेसह लिहू लागलो. 'कडे' या अर्थाचे शब्दयोगी अव्यय उपपदात मिसळून पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामाला 'त्सुम' आणि स्त्रीलिंगी नामाला 'त्सूर' असे रूप घेते. त्सुम बानहोफ (स्थानकाकडे), त्सूर पोस्ट (टपाल कार्यालयाकडे), त्सूर आर्बाइट (कामावर). रोज ट्रॅममध्ये, दुकानात, कामावर हीच रूपे शंभर वेळा कानांवर पडतात. 'त्सूर पोस्ट' एकदा जिभेवर बसले की पोस्ट स्त्रीलिंगी आहे हे वेगळे आठवावे लागत नाही. 'त्सुम'मध्ये पुल्लिंग की नपुंसकलिंग हे कळत नाही, ही त्रुटी मान्य आहे. तरीही तीनातला एक पर्याय गळतो.

मांडवीकर:

धातुसाधित यांनी मेड्शेनविषयी लिहिले, त्यात गोव्याची भर घालतो. कोकणीत मुलगी म्हणजे 'चेडूं' आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. 'तें चेडूं आयलें' असेच आम्ही म्हणतो. तरुण मुलीचा उल्लेख 'तें' असा करण्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. माझ्यासोबत शिकणारे दिल्लीचे विद्यार्थी डास मेड्शेन ऐकून हसले होते. मी आणि मडगावची एक मुलगी असे दोघेच वर्गात गंभीर राहिलो. सिंधुदुर्गातील मालवणी बोलणाऱ्यांनाही हे नवे वाटू नये.

आल्प्सपायथा:

ऑस्ट्रियातून लिहिते आहे. एक गोष्ट अजून कोणी सांगितली नाही: काही नामांच्या लिंगाविषयी खुद्द जर्मन भाषकांचेच एकमत नाही. जर्मनीत बहुतेक ठिकाणी डी कोला, आमच्याकडे डास कोला. तिकडे डी ई-मेल, इकडे डास ई-मेल चालते. दही जर्मनीत डेर योगुर्ट, इथे डास योगुर्टही सर्रास ऐकू येते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बोलींत लोणी डेर बुटर होते. स्वित्झर्लंडमध्ये ट्रॅमला डास ट्राम म्हणतात, म्युनिकमध्ये डी ट्राम. ब्लॉग आणि लॅपटॉप यांच्यापुढे डूडेन या प्रमाण कोशातही दोन-दोन उपपदे दिलेली आहेत. कोशात दोन्ही दिलेली असतील, तर परीक्षेत कोणतेही एक लिहिले तरी चालते, पण एकाच निबंधात दोन्ही लिहू नयेत. आपल्याकडे 'तो पेन' की 'ते पेन' यावर घरात वाद होतो, तसाच हा प्रकार आहे.

शंकासूर:

म्हणजे मी दोन वर्षे जे 'डेर बुटर' म्हणत होतो, ते चूक नसून बोली होती. हे आधी कळते, तर गुण वाचले असते. नद्यांचे काय? आपल्याकडे नदी म्हटली की ती स्त्रीलिंगी, वाद नाही.

नेकारकाठ:

नद्यांमध्येही एकवाक्यता नाही. आमची नेकार पुल्लिंगी आहे, डेर नेकार, आणि ती मानहाइमला डेर ऱ्हाइनला मिळते. ऱ्हाइनला तर लोक प्रेमाने 'पिता ऱ्हाइन' म्हणतात. मात्र याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातून वाहू लागणारी डॅन्यूब ही डी डोनाउ, आणि पूर्वेकडची एल्बे हीदेखील डी. परदेशी नद्यांत टेम्स आणि सेन स्त्रीलिंगी, नाईल पुल्लिंगी. गंगेला जर्मन लोक डेर गांगेस म्हणतात. सहकाऱ्यांना मी ती आमची माता आहे असे सांगून पाहिले, पण उपपद बदलले नाही. ब्रह्मपुत्रला आपणही नद म्हणतोच, असे मनाचे समाधान करून घेतले.

तिसरीपाळी:

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या सहा आठवड्यांत मी काय केले ते लिहितो, म्हणजे पुढे येणाऱ्यांना उपयोग होईल.

आठशे नामांची वही मी फाडली नाही, पण तिची फेरमांडणी केली. धातुसाधित यांच्या प्रत्ययांनी ओळखता येणारी नामे प्रथम बाजूला काढली. ती अडीचशेच्या वर निघाली आणि त्यांच्यावर वेळ घालवणे बंद केले. उरलेल्या नामांपैकी ज्यांचे लिंग मराठीशी जुळते, त्यांच्यावर नुसती खूण केली. शंकासूर यांच्या पाटीवरची, म्हणजे मराठीत एक आणि जर्मनमध्ये दुसरेच लिंग असलेली नामे वेगळ्या वहीत घेतली आणि प्रत्येकाला विशेषण जोडून एक वाक्य केले, कारण आपल्यालाही 'मोठी बस' म्हणताना लिंग आठवते ते विशेषणासकट. 'डी हायसे झोने', तापलेला सूर्य, असे सकाळी पाळी संपवून बाहेर पडताना स्वतःशी म्हणायला सोपे जाते. परवाच्या सराव परीक्षेत संभाषणात माझ्या उपपदाच्या चुका संपल्या नाहीत, पण सरसकट 'डी' लावण्याची खोड गेली. आता चूक झाली तर निदान अर्ध्या वाक्यात मलाच ती ऐकू येते आणि मी ती सुधारतो.

कारखान्यातले एक उदाहरण मला फार आवडले. मोटार म्हणजे डास आउटो, परंतु मोटारींची नावे पुल्लिंगी असतात, म्हणून डेर मर्सिडीज. वास्तविक ते नाव एमिल येलिनेक या उद्योजकाने आपल्या मुलीवरून दिलेले आहे. मुलीचे नाव गाडीला लागले आणि पुल्लिंगी झाले. मोटारसायकलींची नावे मात्र स्त्रीलिंगी. त्यामुळे बीएमडब्ल्यूची मोटार असेल तर डेर बीएमडब्ल्यू आणि दुचाकी असेल तर डी बीएमडब्ल्यू. चाकणमध्ये तयार होणारी केटीएमदेखील डी केटीएम. उपपदावरून चाके मोजता येतात.

एक शेवटची शंका आहे. नव्याने भाषेत येणाऱ्या परक्या शब्दाचे लिंग कोण ठरवते?

धातुसाधित:

कोणीही बसून ठरवत नाही. बोलणारे ठरवतात आणि कोश मागाहून नोंदवतो. जवळच्या अर्थाचा घरचा शब्द शोधला जातो आणि त्याचे लिंग पाहुण्याला मिळते. ई-मेलला 'डी' मिळाले, त्यात डी पोस्टचा हात असावा असे मानतात. कधी शब्दाचा शेवट निर्णय करतो, म्हणून '-एर'चा कोम्प्यूटर पुल्लिंगी आणि '-इंग'ने संपणारे इंग्रजी शब्द, जसे डास मीटिंग, नपुंसकलिंगी. मराठीतही बस आणि ट्रेन या गाडीमुळे 'ती' झाल्या, ट्रक मात्र 'तो' राहिला.

शंकासूर:

मग वडापाव जर्मनमध्ये गेला तर त्याचे काय होईल? समासाच्या नियमाने शेवटचे पद पाव आणि पाव पुल्लिंगी, म्हणून माझे मत डेर.

फळाखडू:

पाव म्हणजे त्यांचा डास ब्रोट. जवळच्या अर्थाचा नियम लावला, तर डास वडापाव व्हायला हवा.

नेकारकाठ:

गेल्या शुक्रवारी मी घरून वडापाव करून कार्यालयात नेले आणि कोणालाही काही न सांगता चार सहकाऱ्यांची वाक्ये ऐकत बसलो. तिघांनी 'डेर' म्हटले, एकीने 'डास'. का, असे विचारले तेव्हा चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. एकाने बऱ्याच विचाराअंती 'डेर बर्गर' असे कारण दिले आणि 'डास' म्हणणारीने ते अमान्य करून दुसरा वडापाव उचलला.